येत नाही, बाई

परवा आमचा इन्व्हर्टर बिघडला. दुरुस्तीला आलेला मुलगा दारातच वाकून पाया पडला. "ओळखलंत का बाई? पाचवी ते सातवी तुमच्याच वर्गात होतो, शेवटच्या बाकावर." मी नुसतीच हसले. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "तुम्ही मला कधी प्रश्न विचारायचा नाहीत. तेव्हा बरं वाटायचं. नंतर कळलं, याला काही येणार नाही असं बाईंनी धरूनच चाललं होतं."

तो गेल्यावर चेहरा आठवला. खरंच विचारत नसे मी. उभं केलं की कानापर्यंत लाल व्हायचा, "येत नाही, बाई" म्हणायचा आणि पोरं हसायची. मला दया यायची. मग हात वर करणाऱ्या त्याच चार-पाच मुलांवर माझा तास चालायचा. वर तास छान झाला असंही वाटायचं, हे विशेष!

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७४ साली लिहून ठेवलंय, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले तर उत्तरं मोठी येतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. ३ सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? वर्गासमोर उभं राहून बघा एकदा! डग लेमोव्हच्या २०१० सालच्या पुस्तकात तर 'येत नाही' म्हणणाऱ्याला सुटकाच नाही. दुसऱ्याने उत्तर दिलं तरी पुन्हा पहिल्याकडे यायचं आणि बरोबर उत्तर त्याच्या तोंडून काढायचं. वाचलं होतं हे सगळं. वाचून ठेवून दिलं होतं.

असो. काल सहावीत अपूर्णांक होते. कधीच हात वर न करणाऱ्या एका मुलीला विचारलं, अर्धा अधिक एक तृतीयांश किती? "दोन छेद पाच." अंशात अंश, छेदात छेद! एरवी मी "चूक, बस खाली" म्हणून मोकळी झाले असते. काल म्हटलं, "दोन छेद पाच हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?"

एक... दोन... तीन... मी मनात मोजत होते. पुढचे हात वळवळत होते, त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

"लहान."

"अर्ध्यात भर घातली आणि कमी झालं?"

पोरगी स्वतःच हसली. वही ओढली, छेद सहा केला आणि पाच छेद सहा काढून दाखवलं. "सहाच का गं?" हेही विचारलं. तेही सांगितलं तिने, अडखळत, पण सांगितलं.

मग मागच्या बाकावरच्या मुलाकडे वळले. "येत नाही, बाई." आणि नेमकी घंटा झाली. उद्याचा पहिला प्रश्न त्यालाच, असं सांगून ठेवलंय.