ऊटा आतेन्री?

आमच्या समोरच्या घरात गोकाककडच्या एक अक्का राहतात. सकाळी सडा घालताना आणि संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून झाला की रस्त्यापलीकडून त्यांचा एकच प्रश्न येतो, "ऊटा आतेन्री, बाई?" जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. वेळ जेवणाची असो वा नसो, आपण "आतरी" म्हणायचं आणि कामाला लागायचं. बेळगावात उभा जन्म गेला, हा प्रश्न हजारदा कानावरून गेला. पण त्यात किती काळजी भरलेली असते हे मला कळलं ते एका बोटभर माशामुळे.

मासे पाळण्याची हौस माझी नव्हे, मुलाची. 2020 च्या टाळेबंदीत तो घरून काम करू लागला आणि बैठकीच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी आली. त्यातही गोड्या पाण्यातले साधे मासे त्याला नकोत, खारेच हवेत. समुद्र चोर्ला घाटाच्या पायथ्यापलीकडे, आणि आमच्या नळाला पाणी राकसकोपचं! मी सुचवलं, "गोव्याहून चार कॅन भरून आण, नाहीतर डब्यातलं मीठ घाल." तो हसला. स्वयंपाकातलं मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्रात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बरंच काही असतं. त्यासाठी वेगळं तयार मीठ मिळतं. फिल्टरच्या शुद्ध पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार, काट्यावर 1.025 ची खूण आणि पंचवीस-सव्वीस अंश उष्णता, असा त्याचा हिशेब. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. म्हणून रोजची तूट भरायची ती साध्या पाण्याने, खाऱ्या नव्हे. एवढं तरी माझ्या लक्षात राहिलं.

2022 साली त्याच्या कंपनीने सर्वांना परत बोलावलं. मुलगा बेंगळुरूला गेला; टाकी, दोन नारिंगी-पांढरे क्लाऊनफिश आणि एक वही मागे राहिली. वहीत सगळं लिहिलेलं होतं. निवृत्त शिक्षिकेची मिजास अशी की ती वही मी वाचली नाही, वरवर चाळली.

त्या दिवाळीत घराची साफसफाई काढली. डबे झाले, जळमटं झाली, मग नजर टाकीकडे वळली. दगडांवर शेवाळ साचलेलं, त्यावर काहीतरी ठिपके वळवळताना दिसत. मला किळस आली. निम्मे दगड बाहेर काढले, नळाखाली धरून ब्रशने खसाखसा घासले, काचाही लख्ख केल्या. फोनवर मुलाला सांगितलं, "टाकी आरशासारखी झालीय." त्याला वाटलं, काचा पुसल्या असतील.

दिवाळीनंतर त्याच्याकडे गेले, तेव्हा एका दुकानात तो मासा पाहिला. मँडरिन. जुन्या चिनी सरदारांच्या भरजरी झग्यांवरून पडलेलं नाव. निळ्या अंगावर नारिंगी वळणं, हिरवी झाक, रंगीत डोळे, आणि चाल अशी की पोहतोय की दगडावरून चालतोय कळू नये. पाठीवरचा पहिला काटा उंच, म्हणजे हा नर. मोरपिसाचा किंवा खंड्याच्या पंखाचा निळा हा खरं तर रंग नव्हे, प्रकाशाचा खेळ आहे; पण या माशाच्या कातडीत खरोखरच्या निळ्या रंगपेशी असतात. 1995 साली जपानी संशोधकांनी ते दाखवून दिलं. हे मला पुष्कळ नंतर समजलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की पैठणीच्या दुकानात जसं होतं तसं माझं झालंय. दुकानदाराला विचारलं, "खातो काय?" तो म्हणाला, "सगळं खातो." मुलगा त्या वेळी ऑफिसात होता. निघायच्या गडबडीत, त्याला चकित करायचं म्हणून मी मासा घेतला, आणि थर्मोकोलच्या डब्यात ठेवून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर मांडीवर सांभाळत बेळगावला आणला.

पहिले आठ दिवस कौतुकात गेले. शेजारपाजारची मुलं येऊन बघून गेली. मी डब्यातले दाणे टाकी. क्लाऊनफिश धावून येत, हा ढुंकूनही पाहत नसे. दिवसभर दगडांवर चोची मारल्यासारखा टिपत फिरे. मला वाटलं, खातोय की! एके संध्याकाळी अक्का आल्या होत्या. टाकीपाशी उभ्या राहून त्यांनी लाडाने विचारलं, "ऊटा आतेनो?" मग थोडा वेळ न्याहाळून माझ्याकडे वळल्या. "बाई, याचं पोट बघा. पाठीला लागलंय."

मी चष्मा लावून पाहिलं. पोट खरंच आत गेलं होतं, डोक्यामागे खळगी पडली होती. मी त्याला फोटो पाठवला. त्याचा फोन आला तो जवळजवळ ओरडतच, "आई, वही वाचली नाहीस का?"

वहीत शेवटच्या पानावर न आणायच्या माशांची यादी होती. मँडरिन त्यात पहिला. या माशाचं खाणं म्हणजे दगडांवर राहणारे ठिपक्याएवढे जिवंत जीव, कोपेपॉड. कोळंबीचेच ते दूरचे नातलग. पोटात साठवून ठेवणारा हा मासा नव्हे. थोडं थोडं पण दिवसभर खातो. म्हणून मोठ्या, निदान वर्षभर मुरलेल्या टाकीतच त्याचा निभाव लागतो. नाहीतर भरल्या घरात, इतर मासे जेवत असताना, तो आठवड्या-आठवड्याने वाळत उपाशी मरतो. आणि ज्या ठिपक्यांची मला किळस आली होती ते हेच होते. आमच्या लख्ख टाकीत अर्धं कोठार मी स्वतःच्या हातांनी नळाखाली धुऊन टाकलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या सासूबाई शेवटच्या चार महिन्यांत अंथरुणाला खिळल्या होत्या. ताट पुढे केलं की तोंड फिरवत. मी चिडायची, एवढं केलंय तर खात का नाहीत? डॉक्टरांनी एकदाच सांगितलं, "ताट दाखवू नका. चमचा-चमचा, तासातासाने, त्यांना आवडेल ते." मग मऊ भाताची पेज चमच्याने भरवत मी दिवस काढले. समोर अन्न असणं आणि पोटात जाणं यांतलं अंतर मी एकदा शिकले होते, आणि विसरलेही होते.

सकाळी उठून कामाला लागले. मुलाच्या ओळखीच्या एका हौशी पोराने कोपेपॉडची बाटली कुरियरने पाठवली. अर्धे टाकीत सोडले, तेही रात्री दिवे मालवल्यावर, म्हणजे दगडांत दडायला त्यांना वेळ मिळेल. उरलेले मागल्या खिडकीत दोन बरण्यांत वाढवायला ठेवले. त्यांना खायला सूक्ष्म शेवाळाचं हिरवं पाणी. जन्मभर शेवाळ घासणारी मी आता शेवाळ पिकवू लागले! पण वाढ व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि माशाला तेवढी सवड नव्हती. म्हणून मधल्या काळासाठी आर्टेमिया. त्याची अंडी कॉफीच्या पुडीसारखी दिसतात. खाऱ्या पाण्यात घालून हवेचे बुडबुडे सोडले की दिवस-दीड दिवसात नारिंगी धुळीसारखी पिल्लं निघतात. ती ताजी असतानाच द्यायची. अंगातला बलक संपला की त्यांत कस राहत नाही.

अडचण क्लाऊनफिशांची. जे टाकावं ते हे दोघे आधी फस्त करीत. शेवटी मोरंब्याची एक लहान, अरुंद तोंडाची बरणी टाकीत आडवी ठेवली आणि बारीक नळीने त्यात पिल्लं सोडली. दांडगे बाहेर घिरट्या घालत; आत शिरायचा धीर त्यांना होईना. मँडरिनही चार दिवस बरणीकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी तोंडापाशी येऊन थबकला, आत सरकला, आणि टिपलं. एक, मग दुसरं. मी खुर्चीतून हलले नाही. दूध उतू गेलं ते गेलंच.

दिवसातून पाच वेळा नळी, असं दोन महिने चाललं. लग्नाला गेले नाही, भिशीला गेले नाही. अक्का रोज संध्याकाळी येत आणि माशालाच विचारत. संक्रांतीच्या सुमाराला डोक्यामागची खळगी भरली. पोटाला गोलाई आली तेव्हा अक्कांनी तिळगूळ मला आधी न देता टाकीला दाखवला.

मासा जगला याचं श्रेय मी घेत नाही. त्याचं घर तिकडे फिलिपीन्स-इंडोनेशियाच्या उथळ समुद्रात. हौसेपायी त्याला इथे आणण्यात माझी चूक झाली, ती मी भरून काढतेय, इतकंच. नवख्याने हा मासा घेऊ नये, घ्यायचाच तर आधी वर्षभर टाकी सांभाळावी, आणि दुकानात तो समोर खाताना दिसल्याशिवाय पैसे मोजू नयेत. माझ्या अंगणातून एवढा बोध पुरे.

या कार्तिकात त्याला आमच्याकडे तीन वर्षं होतील. यंदा दिवाळीला मी बेंगळुरूला जाणार आहे, प्रथमच निर्धास्त. टाकी अक्का बघतील. त्यांना मराठी छान समजतं, पण वाचता येत नाही. कचेरीतले कानडी अर्ज मी आजवर दुसऱ्याकडून लिहून घेत आले. त्यात थोडा आळस होता, थोडा हट्टही. परवा मात्र पाटी-पेन्सिलच्या वयातल्यासारखी बसले आणि कानडी अक्षरांत चिठ्ठी लिहिली. खुणेपर्यंत साधं पाणी, मीठ नको. बरणीत तीन वेळा नळी. दगड धुऊ नयेत. अक्कांनी चष्मा लावून ती वाचली, चार ठिकाणी पेन्सिलीने सुधारली, आणि टाकीच्या काचेला चिकटवली.

खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली आहे. बाईंनी तिकडे वेळेवर जेवावं.