मांजलपूरचा थांबा

आपण मराठी माणसे वेळेच्या बाबतीत फार काटेकोर असतो, असा आपला एक लाडका समज आहे. बडोद्यातील आमच्या गुजराती शेजाऱ्यांनीही तो पुष्कळ अंशी मान्य केलेला आहे. मराठ्यांच्या घरचे कार्य म्हणजे पाचच्या ठोक्याला सुरू व्हावयाचे, असे ते कौतुकाने सांगतात आणि स्वतः साडेपाचला येतात. परंतु वेळ पाळणे ही एकट्या माणसाच्या हातची गोष्ट नव्हे, हे ज्याला शिकावयाचे असेल त्याने मांजलपुरातल्या एखाद्या बसथांब्यावर जाऊन उभे राहावे. मी तेथे चाळीस वर्षे उभा राहत आलो आहे.

मांजलपूर हे बडोद्याच्या दक्षिणेकडचे एके काळचे गाव. एका अंगाला विश्वामित्री स्टेशन, पुढे मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत आणि गायकवाडांचा मकरपुरा राजवाडा. शहर वाढत वाढत या गावाला येऊन मिळाले आणि दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या वस्तीतल्या वाड्यांमधून अनेक मराठी कुटुंबे येथल्या सोसायट्यांत राहावयास आली. वाड्यात असताना आमच्या घरच्या कोणालाही बसची गरज पडत नसे. शाळा, बाजार, कचेरी, देऊळ, सारे पायाखालचे. मांजलपुरात हवेशीर घर मिळाले, अंगणात तुळस आली, आंब्याचे झाड लागले; परंतु न्यायमंदिर चार-पाच किलोमीटर दूर गेले. त्या दिवसापासून आमच्या संसारात बस नावाचा एक नवा सदस्य आला. तो घरच्या जावयासारखा होता. केव्हा येईल हे त्याला विचारण्याची सोय नसे आणि आल्यावर मात्र सर्वांना लगबगीने उठावे लागे.

वास्तविक बडोद्याला वेळापत्रकाची ओळख फार जुनी. डभोई ते मियागाम ही अरुंद मापाची लोहमार्गाची वाट १८६२ साली सुरू झाली तेव्हा तिच्यावरचे डबे बैल ओढीत असत. वाफेची इंजिने तेथे नियमितपणे धावू लागली ती १८७३ पासून. पुढे सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत रावपुऱ्यात चिमणाबाई टॉवर उभा राहिला, तो १८९६ साली. ज्याच्या घरी घड्याळ नाही त्यानेही मान वर करून वेळ पाहावी, ही त्यामागची सोय मला नेहमीच मोठी वाटत आलेली आहे. सार्वजनिक घड्याळ ही एका परीने राज्याने प्रजेला दिलेली हमीच असते.

एस.टी.चा इतिहासही असाच आपल्या दोन्ही घरांना जोडणारा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली सरकारी एस.टी. धावली. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, त्या राज्याची दोन राज्ये झाली. तेव्हा एस.टी.चीही वाटणी होऊन दोन महामंडळे झाली. नाव मात्र दोन्हीकडच्या लोकांच्या तोंडी ‘एस.टी.’ हेच राहिले. मे महिन्यात ‘देशावर’ जाताना सीमा ओलांडली तरी हा शब्द बदलावा लागत नाही, याचे मला लहानपणी मोठे समाधान वाटे.

तथापि आज मला सांगावयाची आहे ती गोष्ट शहरातल्या बसची, आणि क्रिकेटच्या सामन्याची.

माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदे आणि होळकर या संघांत बडोद्यातच झाला. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी त्यात चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी एवढी मोठी भागी त्यानंतर एकोणसाठ वर्षे कोणाला जमली नाही. २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा व जयवर्धने यांनी ६२४ धावा करून ती मागे टाकली. नाना त्या वेळी सतरा वर्षांचे होते. दांडिया बाजारातून पायी जाऊन त्यांनी तो खेळ पाहिला. सांगलीचा हजारे आपल्या बडोद्यासाठी कसा खेळला, हे ते आयुष्यभर सांगत आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणत, “संध्याकाळी शेवटचा चेंडू पडेपर्यंत कोणी जागचे हलले नाही.”

१७ डिसेंबर १९८८, शनिवार. मोतीबागेच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांचा एकदिवसीय सामना होता. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातले ते मैदान मांजलपुराहून तसे दूर नव्हे; पण नाना तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे झाले होते आणि गुडघ्याने त्यांना जेरीस आणले होते. सकाळी बसने गेलो. न्यूझीलंडने २७८ धावा काढल्या. त्या काळी ही संख्या डोंगराएवढी होती. आपले गडी एकामागून एक परतू लागले तसे नाना अस्वस्थ झाले. सामना सुटल्यावर हजारो माणसे एकदम रस्त्यावर येतील, बस गच्च भरून येतील, थांब्यावर थांबणारही नाहीत, मग या गुडघ्यानिशी मांजलपूर गाठावयाचे कसे, हा त्यांचा प्रश्न. शेवटी ते म्हणाले, “चल, गर्दी व्हायच्या आत निघू. सामना गेलाच आहे.”

आम्ही बाहेर येऊन थांब्यावर उभे राहिलो. बस आली नाही. दहा मिनिटे झाली, वीस झाली. मैदानाच्या दिशेने एकदम आरोळी उठली. मग दुसरी. शेजारच्या पानवाल्याने रेडिओ मोठा केला. महंमद अझरुद्दीन फलंदाजी करीत होता. त्या दुपारी त्याने ६२ चेंडूंत शतक पुरे केले आणि पाकिस्तानच्या झहीर अब्बासचा ७२ चेंडूंचा विक्रम मोडला. एकदिवसीय सामन्यांतले तोपर्यंतचे ते सर्वांत जलद शतक. तो १०८ धावांवर नाबाद राहिला आणि भारताने दोन गडी राखून सामना जिंकला. आम्ही तो विक्रम थांब्यावर उभे राहून ऐकला. सामना संपला, माणसांचा लोंढा बाहेर आला आणि त्यानंतर बस आली. ती नानांनी भाकीत केल्याप्रमाणे गच्च भरलेली होती आणि थांबली नाही.

आम्ही चालत निघालो. नाना दर दिव्याच्या खांबापाशी थांबत. घर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. फाटकाची कडी काढताना मात्र म्हणाले, “बस वेळेवर येणार नाही हे जर नक्की ठाऊक असते, तर मी बसून राहिलो असतो.” पुढे २००० साली नाना गेले. सत्तेचाळीसचा सामना ते सांगत राहिले. अठ्ठ्याऐंशीच्या सामन्याचा विषय त्यांनी स्वतःहून कधी काढला नाही.

हे वाक्य मला पुन्हा आठवले ते इंग्लंडात. २०२४ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस मी मुलीकडे मँचेस्टरला गेलो होतो. तेथे ओल्ड ट्रॅफर्ड नावाची मैदाने दोन आहेत, एक फुटबॉलचे, एक क्रिकेटचे. दोहोंत अंतर जेमतेम एक किलोमीटर. क्रिकेटच्या मैदानावर २२ जून १९८३ रोजी कपिलदेवच्या संघाने विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात इंग्लंडला हरविले आणि ऑगस्ट १९९० मध्ये सचिन तेंडुलकरने आपले पहिले कसोटी शतक तेथेच झळकाविले. मराठी माणसाने त्या फाटकापाशी क्षणभर उभे राहावे, तसा मी राहिलो. मैदानाला अगदी लागून ट्रामचा थांबा आहे, याचाही मला थोडा हेवा वाटला.

तेथल्या बसथांब्यांवर वेळापत्रक मिनिटांसह लावलेले असते. ‘वेळेवर’ या शब्दाची व्याख्यादेखील इंग्लंडात ठरलेली आहे. ठरल्या वेळेच्या एका मिनिटाहून अधिक आधी बसने निघावयाचे नाही आणि ५ मिनिटे ५९ सेकंदांहून अधिक उशीर करावयाचा नाही. या मर्यादेत जी सुटली ती वेळेवर. लवकर निघण्याला उशिरापेक्षा कमी सवलत, हे वाचून मी थबकलो. पण विचार केल्यावर पटले. उशिरा येणारी बस निदान मिळते; वेळेआधी निघून गेलेली बस धावत आलेल्या माणसाला मिळत नाही.

याचा अर्थ तेथे सर्व आलबेल आहे असा मात्र नव्हे. लंडन वगळता इतर इंग्लंडात २६ ऑक्टोबर १९८६ पासून बससेवा खुली करण्यात आली. ज्या कंपनीला ज्या वाटेवर परवडेल त्या वाटेवर तिने बस चालवावी, असा तो मामला. त्यामुळे गर्दीच्या रस्त्यांवर बसची रीघ लागली, तर आडबाजूच्या वस्त्यांच्या वाट्याला पुष्कळदा तुटपुंजी सेवा आली. मँचेस्टरच्या परिसराने सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आपली बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणली. तिचा अखेरचा टप्पा ५ जानेवारी २०२५ रोजी पुरा झाला. सदतीस वर्षे प्रयोग करून पाहिल्यावर त्यांनाही वाट, वेळ आणि भाडे यांचा विचार एकत्रच करावा लागतो असे दिसून आले.

फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशी तर वेळापत्रकाची परीक्षाच असते. मैदानालगतचा रस्ता बंद, बस दुसऱ्या वाटेने, ट्राममध्ये लाल गळपट्ट्यांची खच्चून गर्दी. माझी बस त्या दिवशी वीस मिनिटे उशिरा आली. मी मनातल्या मनात मांजलपूरला पोचलो होतो. परंतु थांब्यावरच्या एका वृद्ध बाईंच्या चेहऱ्यावर चिंता नव्हती. मुलीने त्यांच्याशी बोलून मला सांगितले की मोसमाच्या आरंभीच त्या घरच्या सामन्यांच्या तारखा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मांडून ठेवतात. त्या दिवशी त्या दवाखान्याची वेळ घेत नाहीत आणि बाहेर पडल्याच तर अर्धा तास हाताशी ठेवतात. बस वाट बदलणार असल्याची सूचना थांब्यावर अगोदरच लावलेली होती. उशीर त्यांनाही होत होता. फक्त तो त्यांना अनपेक्षित नव्हता. नाना म्हणत होते ते हेच.

त्याच वर्षी, २२ डिसेंबर २०२४, रविवार. बडोद्याचे नवे क्रिकेट मैदान हालोल रस्त्यावर कोटंबी येथे झाले आहे. त्या दिवशी भारत आणि वेस्ट इंडीज यांच्या महिला संघांचा एकदिवसीय सामना तेथे होता आणि माझ्या दहा वर्षांच्या नातीला स्मृती मानधनाला पाहावयाचे होते. मानधना वाढली सांगलीत, हजाऱ्यांच्याच गावी. म्हणून मलाही जावयाचे होते. मोतीबाग शहराच्या पोटात होती. कोटंबी शहराबाहेर, मांजलपुरापासून तर अगदी दुसऱ्या टोकाला. जाताना शेजाऱ्यांची मोटार मिळाली. परतीची सोय ठरलेली नव्हती.

मानधनाने ९१ धावा काढल्या, भारताच्या ३१४ झाल्या. दिवेलागण झाली तशी माझी चुळबूळ सुरू झाली. नातीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “आजोबा, शेवटपर्यंत थांबू या ना?” माझ्या जिभेवर नानांचेच शब्द आले होते. ते मी गिळले. वेस्ट इंडीजचा डाव १०३ धावांत आटोपला, भारत २११ धावांनी जिंकला आणि आम्ही शेवटचा गडी बाद झालेला पाहूनच उठलो. त्यानंतर अंधारात गर्दीबरोबर चाललो, एक शटल रिक्षा, मग दुसरी, असे करीत घरी पोचलो तेव्हा सून फाटकातच उभी होती. तिने मला जे ऐकविले ते योग्यच होते. लहान मूल घेऊन असे धाडस पुन्हा करू नये, हे मलाही कळते. परंतु खेळ पाहावयास शेवटपर्यंत बसणे हे धाडस ठरावे, याची रुखरुख राहून गेली. ज्याच्या दारात मोटार आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. तो पडतो म्हाताऱ्यांना, मुलांना आणि सायंकाळनंतर एकट्याने घरी परतावयाचे असलेल्या स्त्रियांना. सामन्याचाच दिवस कशाला, गणेशविसर्जनाच्या आणि नवरात्रातल्या गरब्याच्या रात्रीही तो पडतोच.

सामन्याच्या दिवशी जादा बस किती, कोठून आणि शेवटची केव्हा, एवढी माहिती चार दिवस आधी थांब्यावर लागली तरी पुष्कळ काम होईल. तोवर आपल्या हाती काय आहे, असे मी नातीला विचारले. ती म्हणाली, “आपण लिहून ठेवू.”

जानेवारीचा सबंध महिना आम्ही दोघांनी आळीपाळीने थांब्यावरची वही लिहिली. बस कोणती, केव्हा आली, गर्दी होती की नव्हती. महिन्याच्या अखेरीस नातीने पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत एक तक्ता केला. त्यात मिनिटांचा हिशेब नाही. ‘सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान’ असा अंदाज आहे. सोसायटीच्या फलकावर तो मराठीत आणि गुजरातीत लावला आहे. खाली क्रिकेटच्या सामन्यांच्या आणि विसर्जनाच्या तारखांसाठी एक रकाना मोकळा ठेवला आहे.

आमच्या शेजारच्या वहिनींना आठवड्यातून दोनदा उपचारासाठी शहरात जावे लागते. पूर्वी त्या नऊच्या आधीच जाऊन थांब्यावर उन्हात उभ्या राहत. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “भाऊजी, हल्ली मी चहा बसून घेते.”