शून्य नंबराचा हट्ट

मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो ‘किती वेळ लागेल?’ आणि दुसरा ‘टाके पडतात का?’ बाहेर बाकावर बसलेल्यांना घड्याळच दिसते, त्यामुळे आमची ख्यातीही मिनिटांवर ठरते. अमक्या डॉक्टरांना दहा मिनिटे लागतात, तमके सातात बाहेर येतात. कोल्हापुरात डोळ्यांची ऑपरेशने करत माझे आयुष्य गेले आणि या मिनिटांचे मला आता फारसे कौतुक राहिलेले नाही. हात एकदा बसला की बसतो. आदल्या रात्री फाइल पुन्हा उघडायला लावतो तो प्रश्न वेगळा आहे : या माणसाच्या डोळ्यात कोणत्या नंबराचे भिंग घालायचे, आणि ते घातल्यावर त्याला नेमके किती अंतरावरचे स्वच्छ दिसायला हवे?

मूळचे भिंग तरुणपणी लवचीक असते. जवळचे, लांबचे, ज्याचे त्याला जमवून घेते. चाळिशीत ते आखडते, पुढे गढूळ होते. आम्ही त्याच्या जागी बसवतो ते साधे भिंग एकाच अंतराला बांधलेले असते. ते अंतर ठरवायचे काम आमच्याकडे येते आणि तिथे शिवणकाम कितीही सुबक असले तरी उपयोग नाही.

या कलेच्या पहिल्याच प्रयोगात हे दिसून आले होते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताचे पर्स्पेक्सचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले, तरी डोळे त्यांच्यावर फारसे चिडत नाहीत, हे हॅरॉल्ड रिडली या इंग्रज सर्जनने पाहिले. त्याच प्लॅस्टिकचे भिंग घडवून त्यांनी १९४९-५०च्या हिवाळ्यात लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये एका ४५ वर्षांच्या बाईंच्या डोळ्यात बसवले. आकार निसर्गाच्या भिंगावरून घेतलेला, पण पर्स्पेक्स प्रकाशाला त्याच्यापेक्षा जास्त वाकवते. मोतीबिंदू गेला, भिंग बसले आणि बाईंना वजा १८ नंबर आला, वर ६चा सिलिंडर. रिडलींच्या हिमतीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांच्या गोष्टीतला हा आकडा जास्त जवळचा वाटतो. हात जिंकला होता, हिशेब अजून जन्मायचा होता.

तो नीट जन्मायला बराच काळ गेला. तोवर, आणि आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षे, मोतीबिंदू काढून माणसाला अधिक दहाच्या आसपासचा जाड चष्मा देत. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा तो चष्मा अनेकांनी आपल्या आजोबांच्या नाकावर पाहिला असेल. त्यातून सगळे पाव-एक पटीने मोठे दिसे, दाराची चौकट वाकडी दिसे, कडेने येणारी सायकल अचानक समोर उगवे. चष्मा फुटला की आजोबा पुन्हा आंधळे. हे चित्र बदलण्यात मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाचा मोठा वाटा आहे. १९९२मध्ये त्यांनी ऑरोलॅब सुरू करून भिंगे इथेच बनवली. आयात भिंगाला जे पैसे पडत, त्याच्या लहानशा हिश्शात भिंग मिळू लागले आणि शिबिरातल्या गरिबालाही ते बसवता आले.

हिशेबाचे म्हणाल तर १९८०मध्ये सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांनी दिलेले सूत्र इतके सोपे आहे की सातवीतला मुलगाही ते सोडवेल. भिंगाच्या जातीनुसार एक आकडा असतो, समजा ११८.४. त्यातून डोळ्याच्या लांबीची अडीचपट आणि पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, ताकदीची ०.९ पट वजा करायची. डोळा २३.५ मिलिमीटर लांब, पारपटल ४३.५, तर उत्तर २०.५. आज संगणक याहून पुष्कळ बारीक सूत्रे वापरतो, पण धडा तोच आहे : लांबी एका मिलिमीटरने चुकली की नंबर अडीचाने चुकतो. सोनोग्राफीची पेन्सिल बुबुळाला टेकवून लांबी मोजत, तेव्हा मोजणाऱ्याचा हात जरा जड पडला की डोळा दबून आखूड मोजला जाई आणि माणूस विनाकारण मायनसमध्ये जाई. आता प्रकाशाने, न टेकवता मोजतात. पण ऊस तुटून गेल्यावर, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, ‘पिकू दे, मग बघू’ म्हणत थांबलेले जे मामा-मावशी येतात, त्यांच्या पांढऱ्याफटक मोतीबिंदूतून प्रकाश आरपार जातच नाही. तिथे पुन्हा पेन्सिलच हातात घ्यावी लागते. माझ्या मते नेत्ररुग्णालयातला सर्वांत कमी कौतुक होणारा कारागीर म्हणजे हे माप घेणारा तंत्रज्ञ.

माप बरोबर आले तरी निम्मेच काम झालेले असते. कोणता नंबर शिल्लक ठेवायचा, हे यंत्र सांगत नाही.

हुपरीहून पैंजणाचे काम करणारे एक काका आले होते. हुपरीच्या घराघरात चांदीचे काम चालते. कड्या जोडायच्या, घुंगरू डाखायचे. काकांना लहानपणापासून वजा तीनच्या आसपास नंबर. रस्त्यावर चष्मा, कामाला बसले की चष्मा काढून ठेवायचा. नजर तिथे नेमकी, कारण वजा तीनचा उघडा डोळा साधारण ३३ सेंटिमीटरवर स्वच्छ पाहतो. मुलगा पुण्याला नोकरीला. तो म्हणाला, ‘डॉक्टर, एकदम भारीतली लेन्स घाला. चष्माच नको. नंबर झीरो.’ काका काही बोलले नाहीत. मी विचारले, ‘काका, चष्मा लावून कधी डाख दिलाय?’ ते हसले. ‘चष्म्यातनं चांदी परकी वाटती बघा.’

शून्य केले असते तर काका कट्ट्यावर बसून लांबून येणारी एस.टी. ओळखू शकले असते आणि हातातली कडी ओळखायला मात्र त्यांना चष्मा लागला असता. आम्ही दोन्ही डोळ्यांत वजा अडीच ठेवायचे ठरवले, म्हणजे ४० सेंटिमीटरवर स्वच्छ. मानेलाही जरा आराम. मुलाला ते पटायला वेळ लागला. चष्मा लागणारच असेल तर ऑपरेशन कशाला, हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. फक्त तो त्याच्या डोळ्यांचा प्रश्न होता.

लहानपणापासून मायनस असलेल्या माणसाला जवळची नजर ही देणगी आहे, हे ती जाईपर्यंत कळत नाही. रात्री उशाशी पुस्तक घेऊन बिनचष्म्याने वाचणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला शून्य नंबर ‘भेट’ दिला, तर ती लांबच्या डोंगराबद्दल आभार मानेल आणि पुस्तकाबद्दल कायम हळहळेल. याउलट शेतकऱ्याला, ट्रॅक्टर चालवणाऱ्याला लांबचेच हवे. कुणाला एक डोळा लांबचा, एक जवळचा अशी वाटणी मानवते, कुणाचे त्याने डोके दुखते.

आणि महागडी मल्टिफोकल? ती जादू नव्हे, वाटप आहे. येणारा प्रकाश लांब आणि जवळ यांत विभागायचा, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडा कमी येणार आणि रात्री दिव्याभोवती वलये दिसणार. रात्रीची टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आंबा घाट उतरणाऱ्याला मी ती घालत नाही, त्याने पैसे मोजायची कितीही तयारी दाखवली तरी. दृष्टिपटल आजारी असेल तरीही नाही. दिवसा हिंडणाऱ्या, मोबाइल आणि पेपर दोन्ही हवे असलेल्या, थोड्या खोटेपणाला न चिडणाऱ्या माणसाला ती छान मानवते. (बारीकसारीक गोष्टीत चिडणारा माणूस तपासणीच्या खुर्चीत ओळखू येतो; थेंब टाकले की.)

सिलिंडर नंबरासाठीच्या टोरिक भिंगाचे थोडक्यात सांगतो. ते ठरलेल्या कोनात बसावे लागते आणि तीस अंश फिरले तर सगळा फायदा शून्य. आडवे झाले की डोळा खोबणीत थोडा वळतो, म्हणून खूण माणसाला बसवून करायची.

ऑपरेशनमध्ये मात्र एक क्षण मला अजून आवडतो. भिंगाची पिशवी पुढून गोल फाडून घेतलेली असते, आतला गढूळ गर शोषून घेतलेला असतो, मागचा पडदा मध्यावर जेमतेम ४ मायक्रॉनचा. अडीच मिलिमीटरच्या चिरेतून गुंडाळलेले भिंग आत जाते आणि स्वतःहून, सावकाश उलगडते. तिथे घाई करणारे हात मला बघवत नाहीत.

आता एक विनंती. तपासणीला येताना जुने चष्मे आणा आणि दिवसभर काय करता ते मोकळेपणाने सांगा. मुलाला नव्हे, डॉक्टरांना. तरुणपणी चष्म्याचे लेसर झाले असेल तर ते लपवू नका. यंत्र पारपटलाची पुढची बाजू मोजून मागची अंदाजाने धरते. लेसरने तो अंदाज मोडतो, भिंग कमी ताकदीचे निवडले जाते आणि ऑपरेशननंतर प्लस नंबर येतो, म्हणजे धड लांबचे नाही की जवळचे नाही. आज जी मुले लग्नाआधी लेसर करून घेत आहेत, त्यांनी लेसरपूर्वीच्या नंबराचा आणि पारपटलाच्या मापांचा कागद जपून ठेवावा. साठीला आल्यावर त्यांचा डॉक्टर तो मागेल.