जोडतारे मोज, अनघा

पुणे, २ मार्च २०२६

चि. अनघास,


नाशिकच्या गच्चीवरून दीर्घिका दिसत नाहीत, म्हणून दुर्बीण गुंडाळून माळ्यावर टाकायचं म्हणतेस. टाकू नकोस. शहराच्या उजेडात दीर्घिका आणि तेजोमेघ हरवतात, कारण त्यांचा अंधूक प्रकाश पसरलेला असतो. ताऱ्याचा प्रकाश बिंदूत एकवटलेला असतो, पथदिव्यांमुळे त्याचं फारसं बिघडत नाही. विल्यम डॉझ या इंग्लंडमधल्या हौशी निरीक्षकानं घालून दिलेल्या नियमाप्रमाणे तुझ्या सहा इंची दुर्बिणीतून पाऊण विकला अंतरावरचे दोन सारखे तारे सुटे दिसायला हवेत. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. एवढं बारीक पाहणारं साधन घरात असताना ते माळ्यावर कशाला?

मात्र नुसतं पाहण्यावर थांबू नकोस. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत जोडतारा म्हणजे ‘एक पिवळा, एक निळा’ असं सांगून रांग पुढे सरकवायची गोष्ट झाली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या दोन ठिपक्यांमधलं अंतर आणि मुख्य ताऱ्यापासून सोबती कोणत्या दिशेला आहे तो कोन, एवढे दोन आकडे तारखेसह लिहून ठेवलेस की तुझ्या पाहण्याचा दुसऱ्याला उपयोग होतो. कोन उत्तरेपासून पूर्वेकडे मोजायचा, ० ते ३६० अंश.

विल्यम हर्शेल यांनी जोड्यांच्या याद्या केल्या त्या वेगळ्याच हेतूनं. जवळचा तारा दूरच्या ताऱ्याच्या तुलनेत किती हलतो ते पाहून त्यांना ताऱ्यांची अंतरं काढायची होती. वीस-पंचवीस वर्षांनी तीच मापं पुन्हा घेतल्यावर काही जोड्या एकमेकांभोवती फिरत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि १८०३ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. आपल्या पुनर्वसूतला कॅस्टर त्यांतलाच. जोडीची कक्षा आणि आपल्यापासूनचं अंतर कळलं की केप्लरच्या नियमानं दोघांचं मिळून वस्तुमान निघतं. ताऱ्याचं वजन करायचा इतका थेट मार्ग क्वचितच मिळतो. पण त्यात कक्षेच्या आकाराचा घन येतो. तिथे एक टक्का चूक झाली की वस्तुमानात तीन टक्के चूक होते. म्हणून मापं नेटकी हवीत, आणि पुष्कळ हवीत.

आता आपल्या पुण्याची गोष्ट, जी पुण्यातल्याच फार थोड्यांना ठाऊक आहे. विल्यम स्टीफन जेकब हे कंपनी सरकारच्या लष्करातले इंजिनिअर. त्यांनी १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. डॉलंडनं बनवलेली पाच फुटी दुर्बीण, नोकरी सांभाळून केलेलं निरीक्षण, आणि त्यातून २४४ जोडताऱ्यांची यादी. नोव्हेंबर १८४५ ते फेब्रुवारी १८४८ या काळातली ही मापं, सगळी पुण्याच्या आकाशातली. वृश्चिकेच्या डोक्यापाशी न्यू स्कॉर्पी नावाची जोडी आहे. तिच्यातला एक तारा स्वतःच जोडतारा असल्याचं त्यांनी १८४७ मध्ये पाहिलं. पुढे ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. भुजंगधारीतल्या ७० क्रमांकाच्या जोडीची मापं कक्षेशी जुळेनात, तेव्हा तिथे एखादा अदृश्य ग्रह असावा, असं त्यांनी १८५५ मध्ये सुचवलं. तो ग्रह काही सापडला नाही. पण सौरमालेबाहेरच्या ग्रहाचा तर्क जोडताऱ्यांच्या मापांवरून आणि तोही भारतात बसून केला गेला होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

१८६२ मध्ये ते पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा काढायला परत आले. नऊ इंची दुर्बीण त्यांनी पदरमोड करून घेतली होती. ८ ऑगस्टला मुंबईत उतरले आणि १६ ऑगस्टला पुण्यात वारले, पन्नाशीही न गाठता. त्यांची मापं मात्र टिकली. वॉशिंग्टन डबल स्टार कॅटलॉगमध्ये ‘जेसी’ या संकेतानं त्यांच्या जोड्या आजही नोंदलेल्या आहेत.

तू विचारशील, गाया उपग्रहानं सगळं मोजलंच आहे, मग आपण कशाला? गायाचं निरीक्षण २०१४ च्या जुलैत सुरू झालं आणि २०२५ च्या जानेवारीत थांबलं. जेमतेम साडेदहा वर्षं. फार तेजस्वी तारे आणि अगदी खेटलेल्या जोड्या त्याला अवघडच गेल्या. आणि कन्येतल्या पोरिमाला एक फेरी पुरी करायला १६९ वर्षं लागतात. तिथे जेकब लागतात, आणि तूही लागतेस.

सुरुवात पोरिमापासूनच कर. १८३६ मध्ये हे दोन तारे इतके जवळ आले होते की दक्षिण आफ्रिकेत केपला असलेल्या जॉन हर्शेल यांना, म्हणजे विल्यम यांच्या मुलाला, ती जोडी एकच तारा दिसली. २००५ मध्ये पुन्हा तसंच झालं, अंतर ०.४ विकलांच्या आसपास आलं. आता ते साडेतीन विकलांच्या घरात आहे, तुझ्या दुर्बिणीला सहज झेपणारं.

दुर्बिणीला मोटर नाही म्हणून खट्टू होऊ नकोस, या कामात तिची गरजच नाही. बार्लो, म्हणजे प्रतिमा मोठी करणारं भिंग, लावून आयपीसच्या जागी कॅमेरा बसव. जोडी चौकटीच्या पूर्वेकडच्या कडेला आण आणि हात काढून घे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे जोडी आपोआप पश्चिमेला सरकेल, म्हणजे तुझी पूर्व-पश्चिम रेषा तिनंच आखून दिली. वेगही ठाऊक आहे. पोरिमा खगोलीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे सेकंदाला जवळजवळ १५ विकला. व्हिडिओत ती सेकंदाला ६० पिक्सेल सरकली, तर एक पिक्सेल म्हणजे पाव विकला. दिशा आणि प्रमाण दोन्ही एकाच व्हिडिओतून मिळालं. इतर ताऱ्यांसाठी १५ ला त्या ताऱ्याच्या क्रांतीच्या, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनाच्या, कोसाइननं गुणायचं. प्रत्येक चित्र पाच-सहा मिलिसेकंदांचंच घे, नाहीतर ठिपके लांबट होतील.

गच्चीची फरशी दिवसभर तापलेली असते, तिची धग निघून जाईपर्यंत तारे उकळत्या पाण्यातल्यासारखे दिसतात. तेव्हा रात्री अकराच्या आत सुरू करू नकोस. एका रात्रीवर विसंबू नकोस, निदान तीन-चार वेगवेगळ्या रात्री घे. पोरिमाचे दोन्ही तारे जवळपास सारखेच तेजस्वी, त्यामुळे मुख्य कोणता यात गोंधळ होऊन कोन १८० अंशांनी उलटा लिहिला जातो. ते शेवटी तपासू. तोवर कॅटलॉग उघडायचा नाही. अपेक्षित आकडा डोक्यात असला की हात नकळत तिकडेच वळतो.

सगळे आकडे मला पाठव, पटले नाहीत तेही, एकही न गाळता. चांगले निघाले तर अशा मापांना वाहिलेलं एक नियतकालिक आहे, तिकडे पाठवू. माझ्याकडची बार्लो कुरिअरनं पाठवते आहे, भिंग पुसू नकोस, नुसती फुंकणीनं धूळ उडव. मे महिन्यात मी नाशिकला येईन, तेव्हा न्यू स्कॉर्पी दोघी मिळून मोजू.

तुझी,
मावशी