दुखणे पोराचे, तपासणी आमची

आमच्या धाकट्याचे पाय दुखू लागले तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्याने आमच्या हातचा मार खाल्ला होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे सगळे सांगायचे आणि हे तेवढे झाकून ठेवायचे, हे बरे नाही.

साल २०१५, महिना डिसेंबर. नागपूरची थंडी वाचकांना ठाऊक आहेच. पोरगा चार वर्षांचा, अंगणवाडीत जाणारा. एका सकाळी तो अंथरुणातून उठेना. "पाय दुखते" एवढेच म्हणे आणि रडे. दोन दिवस रडला आणि तिसऱ्या दिवशी उठून गल्लीत गोट्या खेळू लागला. आम्ही म्हटले, सोंग आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आमचे पोट हातावरचे. मुलाचे वडील कळमना बाजारात हमाली करतात, आई मिरचीची देठे खुडायला जाते. एक खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. अशा वेळी पोर दुखते दुखते म्हणते आणि पाहावे तर जखम नाही, सूज नाही, मुका मार नाही. मग माणसाचा तोल सुटतो. तसा आमचाही सुटला.

दुखणे एका जागी राहत नव्हते. कधी गुडघा, कधी कोपर, कधी कंबर. पावसात भिजला की दुखे, ताप आला की दुखे, उन्हाळ्यात दिवसभर हुंदडून आला की रात्री कळा मारू लागत. आजी म्हणायची, "वाढीचे पाय हायेत बाई, तेल लावून दे." लावले. मोहरीचे लावले, करंजाचे लावले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आळीपाळीने पाय चेपत बसायचो. पोरगा झोपेतही कण्हायचा.

वस्तीतल्या डॉक्टरांनी कॅल्शियमचे औषध दिले. दुसऱ्यांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचे टॉनिक दिले. तिसऱ्यांनी सांधेतापाचा संशय घेतला. घशाच्या दुखण्यानंतर सांधे धरतात आणि ते दुखणे पुढे हृदयावर जाते, म्हणून दर एकवीस दिवसांनी कमरेत इंजेक्शन द्यायला सांगितले. त्या डॉक्टरांवर आमचा राग नाही. सांधेताप हा खरा आजार आहे आणि वरवर पाहता दोन्ही दुखणी सारखीच दिसतात. परंतु सात महिने ती इंजेक्शने झाली, दुखणे होते तसेच राहिले, आणि इंजेक्शनचा दिवस आला की पोरगा शेजारच्या घरात जाऊन लपू लागला.

मधेच त्याचे डोळे पिवळे झाले. आता लाजेची गोष्ट सांगावी लागते. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, रविवारी विहारात आम्ही न चुकता जाणार, आणि कोणीतरी सांगितले म्हणून कावीळ उतरवणाऱ्याकडे पोराला घेऊन गेलो. त्याने चुन्याच्या पाण्यात पोराचे हात धुतले. पाणी पिवळे झाले. डोळेही पिवळेच राहिले.

डिसेंबर २०१८ मध्ये एका रात्री दोन्ही मांड्या आणि छाती एकदम दुखू लागली तेव्हा मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. तिथे एक तरुण बाई डॉक्टर होत्या, शिकाऊच असाव्यात. त्यांनी पोटाला हात लावला, पापणी उघडून पाहिली आणि खाटेवर बसूनच विचारू लागल्या. थंडीत जास्त दुखते का? पाणी कमी पितो का? तापानंतर दुखते का? वर्षाचा असताना हातापायांचे पंजे कधी सुजले होते का?

आईला एकदम आठवले. २०१२ च्या उन्हाळ्यात पोरगा जेमतेम वर्षाचा असताना दोन्ही पंजे पुरीसारखे फुगले होते. नजर लागली म्हणून मीठ-मिरची उतरवली होती. आठ दिवसांत सूज गेली आणि आम्ही विसरून गेलो. सहा वर्षांत एकाही डॉक्टरने विचारले नाही आणि आम्हालाही सांगायचे सुचले नाही.

"घराण्यात कोणाला सिकलसेल आहे का?" त्यांनी विचारले. आम्ही ठामपणे नाही म्हटले. मागे उभी असलेली आजी मात्र हळूच बोलली, "तुह्या भासऱ्याचंही असंच होतं. हाडं दुखते म्हणून रडे. नऊ वर्षाचा होऊन वातानं गेला." मुलाच्या वडिलांना आपला थोरला भाऊ लहानपणी गेला एवढेच ठाऊक होते. वातानं गेला, यापुढे घरात कोणी काही बोलत नसे.

बोटातून रक्त काढून पहिली तपासणी झाली, मग इलेक्ट्रोफोरेसिस. पोराचा रिपोर्ट एसएस. मग आम्हा दोघांना आणि थोरल्या मुलीलाही बोलावले. तिघेही एएस. म्हणजे वाहक.

बाईंनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावले. रक्तातली तांबडी पेशी गोल असते, केसाएवढ्या बारीक नळीतूनही वाकून निघून जाते. पोराच्या पेशी मात्र प्राणवायू कमी पडला, पाणी कमी पडले, थंडी किंवा ताप आला की विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. त्या बारीक नळ्यांत अडकतात. पुढे रक्त जात नाही, हाड उपाशी राहते आणि कळ उठते. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. तीन वर्षे आम्ही चार दुखणी समजून चार दारे हिंडलो. दुखणे एकच होते.

आईबापांपैकी दोघेही वाहक असले तर दर गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. एक झाले म्हणजे पुढची सुटली, असे नाही. वाहकाला स्वतःला सहसा काहीच होत नाही. मुलाचे वडील आयुष्यभर पोती उचलत आले, त्यांना कधी कळले नाही.

"आमच्याच समाजात काहून हे?" असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, तुमच्याच नाही. गोंडांत आहे, आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली पहिल्यांदा याचे वर्णन छापले. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे वाहक मुले हिवतापातून अधिक जगली आणि ते रक्त टिकले. नागपूरच्या डॉक्टरांनी महार समाजातला सिकलसेल १९५८ सालीच लिहून छापला होता, हे आम्हाला नंतर कळले. साठ वर्षे माहीत असलेली गोष्ट आमच्या घरापर्यंत आली नव्हती. एकाच जातीत लग्ने होत राहिली की वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता वाढते. जातीचे मूळ जातीतल्या लग्नात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच सांगितले होते. त्याचा रक्ताशीही असा संबंध निघेल, हे मात्र आमच्या ध्यानीमनी नव्हते.

पोरगा आता फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी रोज घेतो, हायड्रॉक्सीयुरिया घेतो आणि त्यासाठी वेळोवेळी रक्त तपासून आणतो. लसी घेतल्या. दप्तरात पाण्याची बाटली असते आणि बाईंनी त्याला तासाला उठून पाणी प्यायची, लघवीला जायची मुभा दिली आहे. साधा ताप आला तरी आम्ही घरी थांबत नाही. कळा कमी झाल्या, गेल्या नाहीत. २०२१ मध्ये पाच दिवस भरती होता आणि दोन बाटल्या रक्त चढले. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हा आजार येतो, त्याचे प्रमाणपत्र काढता येते. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. गावात तपासणीचे शिबिर लागले की पोराबाळांना घेऊन जावे. बोटाला टोचण्यापलीकडे त्यात काही नाही.

मारल्याचे मात्र आम्ही त्याच्याशी बोललो. तो हसला. म्हणाला, "मले आठवतच नाही." आम्हाला आठवते.

२०२४ मध्ये थोरलीला वर्धेकडचे स्थळ आले. मुलगा चांगला, कमावता. मामा म्हणाले, "रिपोर्ट दाखवू नका, पोरगी घरी बसन." दोन रात्री आम्ही भांडलो. शेवटी पाहुण्यांपुढे चहाबरोबर कागद ठेवला आणि मुलानेही तपासून घ्यावे अशी विनंती केली. मुलाचे वडील जरा रागावले. म्हणाले, "आमच्या घरात असा रोग नाही."

आम्ही म्हटले, "भाऊ, आमच्याही घरात नव्हता."

पंधरा दिवसांनी मुलाचाच फोन आला. त्याचाही रिपोर्ट एएस निघाला होता. गर्भातही तपासता येते, असे डॉक्टरांनी दोघांना सांगितले होते. परंतु दोघांनी विचार करून नाही म्हटले. भांडण न होता ती गोष्ट तिथेच थांबली. तो आपल्या धाकट्या बहिणीलाही तपासायला घेऊन गेला, असे पुढे कळले.

थोरली दिवसभर कोणाशी बोलली नाही. संध्याकाळी धाकट्याने तिला विचारले, "ताई, माझ्यापायी मोडलं का?" त्या दिवशी त्याचा गुडघा धरला होता. तिने गरम पाण्याची पिशवी आणली, त्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाली, "तू आधी पाणी पे."