वीस पडले, तरी पडलीच!

मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर पहिली धडकी भरली ती ऱ्हस्व-दीर्घाची. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी! पण एक भांडण मनात घर करून बसलंय आणि ते झालंही चांगलं कडकडीत मराठीत. म्हणून लिहितेय.

गेल्या जुलैत, तळेगावच्या पावसाने बाहेर पडणं बंद केलं तेव्हा, हॉस्टेलवर आम्ही पाच जणी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला लागलो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा अमेरिकन खेळ १९७४ साली आला. प्रत्येकीचं एक पात्र, गोष्ट पुढे नेणारी एक गेम मास्टर, आणि काम जमलं की फसलं ते ठरवायला वीस बाजूंचा फासा. मूळ नियमांचा बराच भाग २०२३ पासून खुल्या परवान्यावर फुकट मिळतो. त्याची झेरॉक्स म्हणजे आमचं बायबल.

गेम मास्टर मी. किल्ला अर्थातच लोहगड, मळवलीला उतरून सगळ्यांनी पाहिलेला! माझी रूममेट झाली होती 'रोग'. हा शब्द ऐकून सगळ्या इतक्या हसल्या, की आम्ही सरळ 'चोर' म्हणायला लागलो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा पार करता करता दिवाळी उजाडली. उरला विंचूकाटा. तिथे मी माझ्या मनाने एक वीस फुटांची फट ठेवली होती.

"मी उडी मारते," रूममेट म्हणाली.

"टाक फासा," मी म्हणाले. मनात आकडा धरला होता बावीस.

पडले वीस! सगळ्या ओरडल्या. पण तिच्या चोराची ताकद बेताची, वरून मिळवायला शून्य. मी म्हणाले, "पडलीस. खाली दोनशे फूट."

"वीस म्हणजे वीस! कुठलंही काम जमतंच!"

"ते फक्त हल्ल्याला. उडीला नाही. आणि गेम मास्टर मी आहे, विषय संपला."

चार महिने जपलेलं पात्र गेलं. तिने कागद मिटला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. पुढचे आठ दिवस एकाच खोलीत राहून आमच्यात एक शब्द नाही. सबमिशन तोंडावर होतं, तरी तिने माझी जर्नल मागितली नाही. ते सर्वात जास्त लागलं.

आपलंच खरं हे दाखवायला मी झेरॉक्स उघडली. नियम माझ्याच बाजूने होता! पण त्याच पानांत अजून एक वाक्य सापडलं. निकाल अनिश्चित असेल तेव्हाच फासा टाकायला सांगायचा. आता गंमत बघा, वीसच्या फाशाने बावीस येणार कुठून? जे शक्यच नव्हतं त्यासाठी मी तिला फासा टाकायला लावला होता. 'टाक' म्हणाले म्हणजे 'जमू शकेल' असं कबूल केलं होतं. नियम बरोबर आणि मी चूक, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेत टीचर म्हणतील ते फायनल असायचं. खुर्ची मिळाल्यावर मीही तशीच टीचर झाले.

स्टेशनवर लोकलची वाट बघताना मी सॉरी म्हटलं. "तुझा चोर परत आणू या का?"

"नको," ती म्हणाली, "मेला तो मेला. पण पुढच्या वेळी उडीच्या आधी सांग, किती लागतील."

लोकल आली तरी आमचं बोलणं चालूच! क्रिकेटमध्ये अपील केल्याशिवाय अंपायर आऊट देत नाही आणि पुढच्या चेंडूसाठी बोलर धावायला लागला की अपीलही करता येत नाही. तेच आम्ही उचललं. हरकत घ्यायची ती पुढचीची पाळी सुरू व्हायच्या आत. दोन मिनिटांत नियम सापडला नाही तर मी निर्णय देणार, खेळ पुढे. वाद वहीत लिहायचा, खेळ संपल्यावर पुस्तक बघायचं आणि मी चुकले असेन तर पुढच्या वेळेपासून दुरुस्ती. आणि ज्यात जीव जाऊ शकतो, तिथे आकडा आधी सांगायचा.

असो. आता रूममेटच आमच्यातली सर्वात मोठी नियमपंडित आहे. गेल्या शनिवारी तिने हरकत घेतली, मी हरले, आणि दहा सेकंदांत खेळ पुढे गेला. वहीत त्या दिवशी काहीच लिहावं लागलं नाही. जर्नल मात्र अजून तिच्याकडेच आहे!