कुलपी गोळ्याचा पत्ता

तोफेचा गोळा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो भरीव, लोखंडी, गडावरच्या चौथऱ्यावर रचून ठेवलेला. तो तट फोडायचा, बस्स. कुलपी गोळा ही वेगळी भानगड. आतून पोकळ, पोकळीत दारू आणि तोंडाशी ठोकून बसवलेला लाकडी फ्यूज. उखळी तोफेतून उंच उडायचा, तटावरून आत पडायचा आणि मग फुटायचा.

मागच्या दिवाळीच्या सुमारास रायगडाच्या माथ्यावर आम्हाला अशा गोळ्याची खापरी दिसली. वाटेकडेची माती पावसानं वाहून गेली होती आणि गंजलेलं लोखंड डोकावत होतं. "कढईचा तुकडा रे," एकानं निकाल दिला. पण कढई ३ सेंटिमीटर जाड कशी असेल? बाहेरून फुगीर, आतून खोलगट, जाडी जवळपास सारखी. भरीव गोळ्याचे असे तुकडे होत नाहीत.

(तुकडा होता म्हणून जवळ गेलो. अख्खा गोळा दिसला तर लांबूनच नमस्कार करा. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये त्यांच्या गृहयुद्धातला, सुमारे १४० वर्षं जुना गोळा साफ करताना फुटला आणि एक संग्राहक जागीच गेला.)

आता प्रश्न: हा कुणाचा? शिक्का नाही, आकडा नाही. पण वर्तुळाचा तुकडा हातात असला की अख्खं वर्तुळ काढता येतं, हे आपण शाळेत शिकलोय. पोळ्यांच्या फॉइलची घडी घालून पट्टी केली, फुगीर बाजूवर दाबून बसवली आणि तिचा बाक वहीत गिरवला. जीवा १२ सेंटिमीटर, तिच्यापासून कमानीची उंची २. सूत्रात घातलं तर त्रिज्या १०, म्हणजे व्यास २०. उंची मोजताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी व्यास १९ ते २१ च्या आतच राहतो. इंग्रजांच्या उखळी तोफा साडेपाच, आठ, दहा, तेरा अशा ठरलेल्या इंचांच्या. सेंटिमीटरमध्ये १४, २०, २५, ३३. म्हणजे आठ इंची!

मग इतिहास आपोआप जुळतो. १८१८ च्या उन्हाळ्यात कर्नल प्रॉथरनं रायगडाला वेढा घातला आणि समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून गडावर मारा केला. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होत्या. गोळ्यांनी आग लागली, वाडे जळाले आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. आज आपण ज्या उघड्या जोत्यांवर उभं राहून फोटो काढतो, त्यांच्या उघडेपणात या आगीचाही वाटा आहे.

पण या सगळ्या तर्कात सगळ्यात वजनदार पुरावा व्यासाचा नाहीच. आठ इंची गोळा इंग्रजांच्या कुठल्याही छावणीत सापडू शकतो. हा गडाच्या माथ्यावर, फुटलेल्या अवस्थेत होता, म्हणून तो बहुधा बाहेरून आला असं म्हणता येतं. हेच लोखंड पायथ्याच्या शेतात मिळालं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. आणि पुण्यातल्या एखाद्या डेस्कवर पेपरवेट म्हणून मिळालं असतं तर गोष्टच उरली नसती.

पेपरवेटची कल्पना आमच्यातल्याच एकाची. तासभर वाद झाला. "इथे ठेवलं तर दुसरा कुणीतरी उचलेल," हा त्याचा मुद्दा काही अगदीच चुकीचा नव्हता. शेवटी फोटो, मापं आणि जागेचे जीपीएस आकडे गडावरच्या पुरातत्त्व खात्याच्या माणसाकडे दिले, आणि खापरी होती तिथेच राहिली.

गडावर काही सापडलं, तर आधी जागा लिहून घ्या. लोखंड दोनशे वर्षं टिकतं, त्याचा पत्ता मात्र एका सॅकच्या कप्प्यात कायमचा हरवतो.